ठाण्यातून जे.जे.ला जाऊन चित्रकला शिकणाऱ्यांचं पुढे काय होतं?

तुमच्या मुलीला बारावीनंतर चित्रकलाच शिकायचीय आणि घरात 'पोटापाण्याचं काय?' हा प्रश्न पडलाय. तो रास्तच आहे, पण जे.जे.मधून, म्हणजे मुंबईच्या सर जे.जे. कलाशाळेतून, बाहेर पडलेल्यांकडे एकदा नीट बघा.

१८५७ साली सुरू झालेल्या या शाळेतून दादासाहेब फाळके सिनेमाकडे गेले. कोल्हापूरच्या भानू अथैया इथेच शिकल्या, पुढे चित्रपटांचे पोशाख केले आणि १९८३ मध्ये 'गांधी'साठी ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. इथेच शिकलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे हयातभर प्रसिद्धीपासून लांब राहिले. २००१ मध्ये ते गेले आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन झालं. म्हणजे यश येतं, पण कधी येईल ते सांगता येत नाही. हे मुलीला आत्ताच सांगा.

नियमित पगार हवा असेल तर उपयोजित कलेचा विचार करा: जाहिरात, पुस्तकांची मांडणी, अॅनिमेशन. फाइन आर्टला, म्हणजे निव्वळ चित्र-शिल्पकलेला, धीर जास्त लागतो.

आपल्या ठाण्याचंच उदाहरण वेगळं आहे. सुधीर पटवर्धन कलाशाळेत गेले नाहीत. ते डॉक्टर, ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून अनेक वर्षं काम केलं आणि लोकल, इराणी हॉटेल, कामगार रंगवत देशातल्या मोठ्या चित्रकारांत गणले गेले. त्यांची चित्रं मुलीला जरूर दाखवा.

प्रवेशासाठी परीक्षा द्यावी लागते. त्यात रेखाटन येतंच, तेव्हा तिला आतापासून ठाणे स्टेशनवर वही घेऊन बसू दे. फलाटावरची माणसं स्थिर राहत नाहीत, हात झपाट्याने सुटतो.