प्रसारमाध्यमांवर टीका करणारे अमेरिकी विचारवंत नोम चॉम्स्की यांचं ‘मॅन्युफॅक्चरिंग कन्सेंट’ हे पुस्तक जड जातंय, त्याऐवजी माहितीपट पाहिला तर चालेल का?

चालेल की! ‘मॅन्युफॅक्चरिंग कन्सेंट’ याच नावाचा, त्यांच्यावरचा मार्क अकबार आणि पीटर विन्टोनिक यांचा १९९२चा कॅनडियन माहितीपट आहे. पावणेतीन तासांचा, तेव्हा दोन बैठकींत बघा. आग्नेय आशियातल्या पूर्व तिमोरचा भाग मात्र चुकवू नका. कंबोडिया आणि तिमोर, दोन्हीकडे एकाच काळात कत्तली चालू. पण तिमोरमध्ये मारणारा इंडोनेशिया पडला अमेरिकेचा मित्र! न्यूयॉर्क टाइम्सने १९७५ ते ७९ मध्ये कुणाला किती जागा दिली, ते कागदाच्या गुंडाळ्या उलगडून दाखवलंय: तिमोर ७० कॉलम-इंच, कंबोडिया १,१७५. आकडे वाचण्यापेक्षा ते बघणं जास्त झोंबतं. बातम्या ज्यांतून गाळून आपल्यापर्यंत येतात त्या मालकी, जाहिराती वगैरे पाच गाळण्यांसाठी मात्र एडवर्ड हर्मन यांच्यासोबत लिहिलेल्या १९८८च्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण तेवढं वाचाच.