वनशास्त्राच्या प्राध्यापकाचा पगार खेड्यात जास्त पुरतो का?

वनशास्त्राच्या प्राध्यापकाचा पगार पुण्यात, नागपुरात आणि आडगावी कितपत पुरतो, असे आपण विचारले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी हा विषय चौदा वर्षे शिकवीत आहे, आणि 'खेड्यात खर्च तो कसला' हे वाक्य पुण्यात राहणाऱ्या साळ्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की लिहिल्यावाचून राहवले नाही.

सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन 57,700 रुपये आहे, मग तो कोठेही असो. महागाई भत्त्याचा दरही गावागणिक बदलत नाही. फरक पडतो तो घरभाडे भत्त्यात. पुण्याला 30, नागपूरला 20 आणि आम्हाला 10 टक्के, असे दर धरले तर अनुक्रमे 17,310, 11,540 आणि 5,770 रुपये होतात. माझे घरभाडे 4,500 आहे आणि ओळखीच्या शेतकऱ्याचे धान भरडून वर्षाचा तांदूळ घरी येतो, तेव्हा इथवर साळ्याचे म्हणणे खरे आहे.

परंतु तीन वर्षांपूर्वी मुलगी दहावी झाली, तिला नीटची शिकवणी हवी होती आणि ती दीडशे किलोमीटरवरच्या नागपुरात होती. तिला एकटीला ठेवणे पत्नीला मानवेना, म्हणून दोघींसाठी 9,000 रुपयांच्या दोन खोल्या घेतल्या आणि एका पगारावर दोन चुली पेटल्या. दर शनिवारी मी एसटीने जात असे, आणि रविवारी दुपारीच परतावे लागे, कारण अंधार पडल्यावर वाघाच्या भीतीने थांब्यापासून घरापर्यंत दुचाकी काढता येत नाही. भत्ता मात्र ज्या गावी मी हजेरीपटावर सही करतो त्याच गावाच्या दराने येत राहिला. त्याच काळात एका लग्नाच्या पंगतीत साळा म्हणाला, "भाऊजी, तुमचा पगार तर बँकेतच पिकत असेल." सासरचे कार्य होते, म्हणून मी वरण वाढून घेतले.

मुले लहान असतील तर बेलाशक खेड्यात या. ती दहावीला पोचली की खेड्यातला पगार शहरातच खर्च होतो. अर्थात आपण अविवाहित असाल तर हे लागू नाही, आणि तासिका तत्त्वावर असाल तर वरचा एकही आकडा आपला नाही, कारण तेथे घेतलेल्या तासांचे मानधन मिळते, मूळ वेतन आणि घरभाडे भत्ता नसतोच. राहता राहिले पुणे. 17,310 रुपयांत तेथे कॉलेजजवळ कुटुंबाला पुरेल असे घर कोठे मिळते, हा हिशेब साळ्याने मला आजवर दाखवलेला नाही.