फील्डवर्कला ५४ मार्क पडले, म्हणजे मी या कामाची नाही का?

सेमिस्टरचे निकाल लागले की एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची दोन-तीन तरी मुलं माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात. थिअरीच्या पेपरला कमी मार्क पडले तर ती म्हणतात, अभ्यास कमी पडला. फील्डवर्कला, म्हणजे एखाद्या संस्थेत जाऊन केलेल्या प्रत्यक्ष कामाला, कमी पडले की म्हणतात, मीच कमी पडले. यातली बरीचशी मुलं 'याला काय स्कोप आहे?' असं विचारणाऱ्या नातेवाइकांशी वाद घालून या अभ्यासक्रमाला आलेली असतात. त्यामुळे तो आकडा त्यांना फार आत जाऊन लागतो.

गेल्या वर्षी जानेवारीत आलेल्या एका मुलीबद्दल तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ती विदर्भातल्या एका छोट्या गावातून पुण्यात शिकायला आलेली. बारावीपर्यंत मराठी माध्यम, दुसऱ्या वर्षाचं फील्डवर्क एका सरकारी रुग्णालयाच्या टीबी ओपीडीत. बसल्या बसल्या तिने प्लास्टिकच्या फोल्डरमधून मूल्यमापनाच्या फॉर्मची झेरॉक्स काढून माझ्यापुढे ठेवली. दहा ओळी, प्रत्येकीपुढे पाच चौकटी. बहुतेक टिकमार्क दुसऱ्या चौकटीत. खाली इंग्रजीत शेरा : 'लॅक्स प्रोफेशनल कॉम्पिटन्स', म्हणजे व्यावसायिक क्षमता कमी. शंभरपैकी ५४.

"मॅडम, माझ्यात नेमकं काय नाहीये?"

"हे तू तुझ्या सुपरवायझर मॅडमना विचारलंस?"

"नाही. विचारलं असतं तर त्यांना वाटलं असतं, मार्क वाढवून मागतेय."

मी तिला एवढंच विचारलं, की पेशंटशी बोलताना तुला आजवर कुणी पाहिलंय का? तिने बराच वेळ आठवून पाहिलं. कॉलेजच्या सुपरवायझर मॅडम सेमिस्टरमध्ये एकदा ओपीडीत आल्या होत्या, पण एजन्सीच्या, म्हणजे रुग्णालयातल्या, मॅडमशी बोलून गेल्या. एजन्सीच्या मॅडमपुढे रोजची रांग. म्हणजे तिचं काम कुणी पाहिलं नव्हतं. पाहिले होते ते तिचे रिपोर्ट, तिची हजेरी आणि व्हायव्हातली तिची दहा मिनिटं.

इथे मला सुपरवायझरवर सगळं ढकलायचं नाही. मी रुग्णालयात सोशल वर्कर असताना माझ्याकडेही विद्यार्थी येत, आणि वर्षअखेर एका दुपारी सगळ्यांचे फॉर्म भरून दिल्याचं मला आठवतं. कोण नम्र आहे, कोण वेळेवर येतो हे माझ्या डोक्यात पक्कं असायचं. कोण पेशंटला काय विचारतो, हे फारच थोड्यांबद्दल ठाऊक असायचं. टिकमार्क मात्र मी दहाही ओळींपुढे केले.

आपल्याकडे समाजकार्याचं शिक्षण १९३६ साली मुंबईत सुरू झालं, सर दोराबजी टाटांच्या नावाने निघालेल्या विद्यालयातून. त्याचीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. ते नागपाड्यात, कामगारांच्या वस्तीत सुरू झालं. वस्तीत जाऊनच हे काम शिकायचं, हा आग्रह तेव्हापासूनचा आहे. पण तिथे शिकलेलं मोजायचं कसं, यावर आपण तेवढा विचार केलेला नाही. वकिलांना बार कौन्सिल असते तशी समाजकार्याच्या शिक्षणाला सगळ्या देशासाठी एक परिषद नाही, त्यामुळे क्षमता कोणत्या आणि त्या कशा तपासायच्या हे ज्या त्या विद्यापीठाचा, कॉलेजचा फॉर्म ठरवतो. अमेरिकेत समाजकार्य शिक्षणाच्या परिषदेने २००८ मध्ये आपले निकषच बदलले. विद्यार्थ्याला काय शिकवलं याऐवजी तो काय करू शकतो, हे कॉलेजांनी दाखवायचं. २०१५ पासून त्यांच्या यादीत नऊ क्षमता आहेत आणि प्रत्येक क्षमता निदान दोन तऱ्हांनी तपासायची असते. त्यातली एक तरी तपासणी विद्यार्थी प्रत्यक्ष किंवा अभिरूप प्रसंगात काम करताना झाली पाहिजे, असा नियम आहे. टोरांटो विद्यापीठात मॅरियन बोगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टरांच्या परीक्षेची एक पद्धत समाजकार्यासाठी वळवून घेतली. नटाला मदत मागायला आलेल्या क्लायंटची भूमिका देऊन विद्यार्थ्याने त्याच्याशी बोलायचं, आणि ते झाल्यावर परीक्षकापाशी बसून आपण काय केलं, का केलं, कुठे अडलो ते सांगायचं. या दोन्हींचं मूल्यमापन वेगवेगळं होतं. बोलणं चुकलं तरी ते कुठे चुकलं हे ज्याला दिसतं, त्याच्या त्या दिसण्यालाही किंमत असते.

हे मी तिला सांगितलं. तिला वाटत होतं की 'कॉम्पिटन्स' ही रक्तात असते किंवा नसते. ती पाहता येते, तिचे तुकडे पाडता येतात, हे तिच्या कानावरच आलं नव्हतं.

पुढच्या वेळी तिला रिपोर्टची फाइल घेऊन यायला सांगितलं. एक पान उघडलं. त्यावरच्या एका इंग्रजी वाक्याचा अर्थ एवढाच होता : क्लायंटला औषधाचं महत्त्व समजावून सांगितलं. पेशंट मार्केट यार्डात हमाली करणारा, पस्तिशीचा. टीबीच्या सहा महिन्यांच्या कोर्समध्ये दुसऱ्या महिन्यापासून गोळ्या चुकवायला लागलेला.

"समजावलंस म्हणजे काय केलंस? तू काय म्हणालीस, तो काय म्हणाला? मराठीतच सांग."

मग जे बाहेर आलं ते त्या पानावर कुठेच नव्हतं. तिने त्याला 'गोळ्या का घेत नाही?' असं विचारलंच नव्हतं. "कालचा दिवस सांगा ना दादा, उठल्यापासून," असं ती म्हणाली होती. तो पहाटे साडेतीनला उठायचा, उपाशीपोटी गोळ्या घ्यायचा आणि चार वाजता गाडीवरची पोती उतरवायला लागायचा. पोतं पाठीवर घेतलं की मळमळायचं. एकदा सगळ्यांसमोर उलटी झाली. दुसऱ्या दिवशी मुकादमाने त्याला बोलावलंच नाही. गोळी घेतली की हजेरी बुडते, असं त्याचं साधं गणित झालं होतं. ही मुलगी तिथून उठून टीबी हेल्थ व्हिजिटरकडे गेली. काहीतरी खाऊन गोळ्या घेतल्या तर चालतील का, हे डॉक्टरांना विचारून घेतलं, आणि सकाळी नऊच्या सुट्टीत पोहे खाऊन गोळ्या घ्यायच्या असं त्याच्याशी बोलून ठरवलं. टीबीच्या पेशंटला आहारासाठी सरकारकडून मिळणारे निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे १,००० रुपये त्याला मिळत नव्हते, तर बँकेच्या पासबुकाचं कामही तिने त्याच्यासोबत जाऊन मार्गी लावलं.

मी तिला विचारलं, यातलं काही लिहिलं का नाहीस? "इंग्रजीत एवढं येत नाही, मॅडम. आणि पोह्यांचं काय लिहायचं, असं वाटलं."

'कालचा दिवस सांगा' हा प्रश्न मी तिच्यापुढे एका कागदावर लिहून ठेवला. मुलाखतीचं कौशल्य म्हणून पुस्तकात पानंच्या पानं येतात ते हेच, आणि ते तिच्याकडे होतं. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच थोडं हसू आलं. इथेच थांबले असते तर ती खूश होऊन गेली असती, मलाही बरं वाटलं असतं. पण त्याच फाइलमधल्या डिसेंबरच्या एका पानावर माझी नजर अडकली. 'होम व्हिजिट केली. कुटुंबाला माहिती दिली.' त्याच्यानंतर बारा दिवस या पेशंटची एकही नोंद नव्हती.

"इथे काय झालं?"

ती रडायला लागली. त्या दिवशी एवढंच सांगून गेली, की पुढच्या वेळी सांगते.

पुढच्या वेळी तिने सांगितलं. त्या हमालाने टीबीचं घरी सांगितलं नव्हतं. घरात चार वर्षांची मुलगी होती. लहान मुलाची तपासणी व्हायलाच हवी, हे या विद्यार्थिनीला माहीत होतं, आणि तिचं ते बरोबरच होतं. तिने त्याला दोनदा सांगून पाहिलं, त्याने 'बघू' म्हटलं. मग एक दिवस तो कामावर असताना ती त्याच्या घरी गेली आणि बायकोला सगळं सांगून आली. बायको त्याच रात्री मुलीला घेऊन माहेरी गेली. तो बारा दिवस ओपीडीत फिरकला नाही, गोळ्याही बंद. शेवटी हेल्थ व्हिजिटरने त्याला शोधून परत आणलं. त्यानंतर तो या विद्यार्थिनीशी बोलायचा नाही, खिडकीवर गोळ्या घेऊन जायचा.

गोपनीयतेचं तत्त्व तिला पाठ होतं. क्लायंटशी नातं कसं असावं याची बीस्टेक या अभ्यासकाने मांडलेली सात तत्त्वं पहिल्या वर्षी तिने परीक्षेत ओळीने लिहिली होती, त्यातलंच हे एक.

"हे आयसीत सांगितलंस?" आयसी म्हणजे सुपरवायझरने एकेका विद्यार्थ्याला घेऊन बसायची दर आठवड्याची बैठक. चुकण्यासाठी आणि चुकलेलं बोलण्यासाठीच ती असते.

"कसं सांगणार, मॅडम? मार्क त्याच देणार ना."

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची गाठ इथे आहे, आणि इतक्या वर्षांत ती मी कितीतरी मुलांमध्ये पाहिली आहे. जिच्यापुढे चूक उघड करायची, मार्कही तिच्याच हातात. मग मुलं नेमकी शिकण्यासारखी चूक गिळून टाकतात आणि सभ्य, गुळगुळीत रिपोर्ट लिहितात. सुपरवायझरला त्या रिपोर्टमध्ये काहीच दिसत नाही, म्हणून ती मोघम शेरा मारते. या मुलीचे मार्क कापले गेले होते इंग्रजीसाठी, उशिरा दिलेल्या रिपोर्टसाठी. तिची खरी ताकद कुणी पाहिली नाही आणि तिची खरी चूकही कुणी पाहिली नाही. ५४ हा आकडा या दोन्हींपैकी कशाचाच नव्हता. पण ती त्याच्यामागे लपली होती. मार्क कमी पडले म्हणून रडणं तिला जमत होतं, त्या माणसाचं घर आपण हलवलं म्हणून रडणं जमत नव्हतं. हे मी तिला याच शब्दांत सांगितलं. सांगताना मला भीती वाटत होती, की ही पुन्हा येणार नाही.

ती आली, आठवड्याभराने. त्या दिवशी आम्ही रोल प्ले केला. मी हमाल झाले, ती तीच. पहिल्या वेळी ती घाईघाईने म्हणाली, "दादा, माझं चुकलं, मला माफ करा, पण मुलीसाठीच केलं मी." मी गप्प राहिले. थोड्या वेळाने मी तिला तसं बसून काय वाटलं ते सांगितलं : त्या 'पण'मुळे मला वाटलं, आता मीच हिची समजूत काढायची. दुसऱ्या वेळी तिने 'पण' गाळला, तरी लगेच सल्ला द्यायला लागली. चौथ्या वेळी ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला न विचारता मी तुमच्या घरी सांगितलं. ते तुमचं तुम्ही सांगायचं होतं." आणि थांबली. ते थांबणं तिला खूप जड गेलं. हातातल्या पेनाचं टोपण ती सारखं उघडत-बंद करत होती.

मग डिसेंबरमध्ये वेगळं काय करता आलं असतं, यावर बोललो. त्याला घरी सांगायची नेमकी भीती कशाची आहे ते विचारता आलं असतं. दोघांना ओपीडीत एकत्र बोलावून, त्याच्या तोंडून सांगायला त्याला मदत करता आली असती. डॉक्टरांना मध्ये घेता आलं असतं. आणि पहिल्यांदा 'बघू' म्हणाला त्याच दिवशी हे आयसीत मांडता आलं असतं. शेवटचा मुद्दा तिने स्वतःच काढला.

आयसीत काय सांगायचं, हे तिने मराठीत लिहून नेलं, एक पान. मार्कांचा विषय काढायचा नाही, असं तिने ठरवलं. एक गोष्ट मात्र मागायची : पुढच्या गुरुवारी मॅडमनी अर्धा तास ओपीडीत तिच्याशेजारी बसावं आणि जे दिसेल ते सांगावं. अशी मागणी विद्यार्थ्यांनी करायला हवी, आणि अडखळत का होईना केली तर बहुतेक सुपरवायझर नाही म्हणत नाहीत, असा माझा अनुभव आहे. रिपोर्टमध्ये संवाद जसाच्या तसा मराठीत लिहू का, हेही विचारायचं, नंतर भाषांतर जमेल तसं.

मॅडम आधी रागावल्या. बारा दिवस गोळ्या बंद होत्या आणि मला आज कळतंय, असं म्हणाल्या. तो राग रास्त होता. पण गुरुवारी त्या आल्या, अर्ध्या तासाच्या जागी दीड तास बसल्या. संवाद मराठीत लिहायलाही हो म्हणाल्या. आधीच्या सेमिस्टरचे मार्क बदलले नाहीत. बदलणार नव्हतेच.

हमालाशी ती फेब्रुवारीत बोलली, ओपीडीबाहेरच्या बाकावर. तोवर बायको परत आली होती, मुलीची तपासणीही झाली होती. आम्ही सराव केलेलं वाक्य ती जसंच्या तसं बोलली आणि थांबली. तो बराच वेळ हातातल्या केसपेपरची घडी घालत राहिला. मग म्हणाला, "ताई, बायकोला सांगितलंत ते सांगितलंत. आता मुकादमाला सांगू नका."

त्या दिवसाचा रिपोर्ट ती मला दाखवायला घेऊन आली. हे वाक्य मराठीतच, अवतरण चिन्हांत होतं आणि तिथेच रिपोर्ट संपला होता. समासात मॅडमनी पेन्सिलीने लिहिलं होतं : 'मग तू काय म्हणालीस?' त्याखाली उरलेल्या अर्ध्या पानात तिने बारीक अक्षरात उत्तर लिहायला सुरुवात केली होती.