डबवालीच्या जीपमध्ये बोलेरोचं डिझेल इंजिन बसवलं तर पीयूसी आणि आरटीओचं काय होईल?

गुहागरच्या तुमच्या होमस्टेसाठी हरियाणातल्या मंडी डबवालीहून, जिथे जुन्या जीप नव्याने बांधून विकतात, आणलेली जीप घेताय, आरसीवर ती पेट्रोल आहे, आणि भंगारातल्या बोलेरोचं डिझेल इंजिन तिच्यात टाकायचंय. पीयूसी निघाली की काम झालं का, हा तुमचा प्रश्न. नाही झालं. इंजिन उतरवायच्या आधी हे वाचा, कारण मी उतरवल्यानंतर शिकलो.

आमची देवगडची जीप 1989 ची, महिंद्राची एमएम 540. कलमांच्या बागेतून आंब्याच्या पेट्या वर रस्त्यापर्यंत आणायला तिच्याशिवाय दुसरं काही चालत नाही. 2016 च्या पावसाळ्यात इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला. गॅरेजवाल्याने त्याच जातीचं, एक्सडीपी 4.90, सेकंडहँड इंजिन आणून दोन दिवसांत बसवून दिलं. बिल मागितलं तर म्हणाला, "बोनेट उघडून कोण बघता?" मी गप्प बसलो. पुढची अडीच वर्षं पीयूसी दर वेळी सरळ निघाली, रीडिंग मर्यादेच्या बरंच आत. मला वाटलं, सगळं कायदेशीर आहे.

2019 ला री-पासिंगला ओरोसच्या आरटीओत गाडी नेली. इन्स्पेक्टरने ब्लॉकवरचं तेलकट किटण फडक्याने पुसलं, वर कागद धरला आणि पेन्सिल आडवी फिरवली. इंजिन नंबराचा एकेक आकडा उमटत गेला. तो कागद आरसीशेजारी ठेवून त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. एकही आकडा जुळत नव्हता.

पीयूसी सांगते ती एवढंच, की आज या नळीतून निघणारा धूर मर्यादेत आहे. जुन्या डिझेल गाडीला इंजिन गरम करून ॲक्सिलरेटर पुरता दाबतात, मीटरवर 65 हार्ट्रिजपेक्षा (धुराचा काळेपणा मोजायचं एकक) जास्त यायला नको. बीएस 4 या नंतरच्या प्रदूषण निकषाच्या गाड्यांना ती मर्यादा 50 आहे. पंप कॅलिब्रेट केलेला असेल, नोझल चांगले असतील, एअर फिल्टर तुंबलेला नसेल, तर तीस वर्षांचं इंजिनही पास होतं. इंजिन कुणाचं आहे हे ते मशीन बघत नाही.

तुमच्या बाबतीत तर पीयूसीही अडेल. आता पीयूसी केंद्रावर गाडीचा नंबर टाकला की इंधन कोणतं ते सरकारच्या 'वाहन' नावाच्या नोंदणी पोर्टलवरूनच येतं. तुमची गाडी तिथे पेट्रोल आहे. पेट्रोलला कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेलला धुराचा काळेपणा. डिझेल इंजिनाच्या नळीत पेट्रोल चाचणीच्या मशीनची नळकांडी घालून काढलेला कागद खोटाच. कुणी तो काढून देतो म्हणाला तर त्या वाटेला जाऊ नका.

मूळ अडचण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये आहे. कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर नेण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवायला सवलत आहे, पण भंगारातून आणलेलं अख्खं डिझेल इंजिन म्हणजे किट नव्हे. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि कलम 55 मला सगळ्यात जास्त भीतीचं वाटतं: इंजिन किंवा चेसिसवर ठोकलेला नंबर आरसीशी जुळला नाही, तर मालकाचं म्हणणं ऐकून घेऊन नोंदणीच रद्द करता येते. पूर्वी पेट्रोलच्या जीप सर्रास डिझेल होत आणि आरसीवर नोंदही होई. कोकणातल्या जुन्या जाणत्यांच्या सल्ल्यात अजून तोच काळ बोलतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

इंग्रजी व्हिडिओंत इंजिनाच्या वयावरून चाचणी ठरते असं पाहिल्याचं तुम्ही लिहिलंय. ते ब्रिटनचं. तिथे घरी जोडलेली एकच किट कार आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीच्या सरकारी तपासणीला नेऊन रीतसर नोंदवता येते. आपल्याकडे तपासणी मॉडेलच्या नमुन्याची होते, ती उत्पादकाने पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनचाचणी संस्थेत करून घ्यायची असते. अंगणात जोडलेल्या एका जीपसाठी तशी वाट नाही.

माझं सुटलं, कारण इंजिन त्याच जातीचं होतं. पण ते ज्या गाडीतून निघालं तिची रद्द झालेली आरसी शोधणं, ती चोरीची नव्हती याचा पोलिसांचा दाखला, विमा कंपनीला कळवणं, बदलाचा अर्ज, दंड, पुन्हा तपासणी, यात सात महिने गेले. तो अख्खा आंब्याचा हंगाम जीप मांगरात उभी होती आणि आम्ही पेट्या डोक्यावरून वाहिल्या. वडील सत्तरीचे, तेही. मंजुरी आधी घेऊन बदल केला असता आणि 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नवा नंबर चढवला असता, तर हे काही झालं नसतं.

तुम्हाला माझा सल्ला असा, की आहे तेच इंजिन वाचवा. इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो. ब्लॉकला तडा नसेल तर बोअर करून नवे लायनर-पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, हेडचं काम, हे सगळं करूनही नंबर तोच राहतो. आरटीओची पायरी चढायलाच लागत नाही. ब्लॉकच गेला असेल तर त्याच मेकचं, त्याच प्रकारचं, पक्क्या बिलाचं इंजिन, आणि अर्ज आधी. डिझेलचा नाद सोडा. इलेक्ट्रिक करायचं मनात असेल तर तुमच्याच मॉडेलसाठी मान्यता मिळालेलं किट आहे का ते बघावं लागेल, नुसती मोटर-बॅटरी बसवून चालत नाही.

गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी असेल तर आणखी एक. 2021 पासून अशा गाड्यांना व्हिंटेज नोंदणी मिळते, व्हीए मालिकेची पाटी असते, पण गाडी मूळ रूपात हवी. इंजिनात मोठा बदल केला की तो हक्क गेला. शिवाय व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, त्यामुळे पाहुण्यांना फिरवायला तिचा तसाही उपयोग नाही.

आणि पैसे देण्याआधी चेसिस बघा, हे मी कितीही वेळा सांगेन. डबवालीच्या जीपवर नवं बॉडीकाम असतं आणि कागद बहुतेकदा कुठल्यातरी जुन्या जीपचे. पुन्हा आपल्याकडचा खारा वारा. गाडी आधीच किनाऱ्यावर राहिलेली असेल तर चेसिसवरचा नंबर गंजात विरघळल्यासारखा होतो. रॉकेलने पुसा, बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा, मग पेन्सिलने छाप घ्या. आकडे अर्धवट असतील तर कुणाकडून पंच मारून घेऊ नका. ते आरटीओच्या परवानगीनेच करायचं असतं, नाहीतर नंबरात छेडछाड केल्याचा आळ तुमच्यावर येईल. नंबराभोवती वेल्डिंगचा पट्टा दिसला तर गाडी सोडून द्या, कितीही मनात भरली तरी.

छाप जुळला तर आरसीवरचं मॉडेल आणि वर्ष मला कळवा, लायनरच्या मापाचं मग बोलू.