अंजनेरीवरचं कंदीलपुष्प खणून घरी कुंडीत लावलं तर जगेल का?

नका खणू. सेरोपेजिया अंजनेरिका, म्हणजे हेच कंदीलपुष्प, ही जात 2006 साली प्रथम नोंदली गेली ती त्र्यंबकेश्वरजवळच्या याच डोंगरावरून. 2017 पासून अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे, त्यामुळे उपटणं बेकायदाच.

जगण्याचं म्हणाल तर हे झुडूप नाही. पावसाळ्यानंतर वरचा भाग वाळतो, कंद जमिनीत झोपतो. कुंडीत नेमकं याच काळात लोक पाणी घालत राहतात आणि कंद कुजतो. खणताना कंदाला जखम झाली असेल तर आणखी लवकर.

शिवाय एकटं झाड सहसा बी धरत नाही. बारीक माशी फुलाच्या नळीत शिरते, आतले खाली वळलेले केस तिला अडवतात. केस सुकले की ती परागपिंड, म्हणजे परागकणांचा गोळा, अंगाला चिकटवून बाहेर पडते. तो पोचायला जवळपास दुसरं फूल हवं.

मदत करायचीच तर मळलेली पायवाट सोडू नका, कातळावरच्या मातीच्या पट्ट्यात तंबू ठोकू नका. शेंगा फुटून म्हातारीसारखं बी उडेपर्यंत गवत कापू नये. फोटो टाकताना मात्र नेमकं ठिकाण लिहू नका. हौस असेल तर रोपवाटिकेतली दुसरी सेरोपेजिया घ्या.