हिमोग्लोबिन ठीक, तरी डोके का चालत नाही?

प्रश्न : माझे वय ३६ आहे. वाचलेले पान पुन्हा वाचावे लागते, बोलताना नेमका शब्द आठवत नाही. हिमोग्लोबिन १२.१ आहे म्हणून काळजी नको, असे मला सांगण्यात आले. पण फेरिटिन (शरीरातील लोहाच्या साठ्याची रक्तचाचणी) ९ आले आहे. याचा संबंध असू शकतो का?

उत्तर : असू शकतो. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेल्यावर अ‍ॅनिमिया म्हणतात. परंतु शरीर आधी साठ्यातले लोह वापरते, आणि तो साठा दाखवणारे फेरिटिन १५ च्या खाली गेले की, हिमोग्लोबिन काठावर टिकून असले तरी, लोहाची कमतरता आहे असेच समजावे. मेंदूला लोह केवळ प्राणवायूसाठी लागत नाही. पेशींतील ऊर्जानिर्मिती, मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण आणि लक्ष व उत्साह यांच्याशी निगडित असलेल्या डोपामिनची निर्मिती, ही कामेही त्यावर अवलंबून असतात. ‘ताण असेल’ हे उत्तर स्त्रियांना फार लवकर दिले जाते, असे माझे मत आहे. तरीही थायरॉईड आणि बी-१२ तपासून घ्यावे, आणि पाळीत रक्तस्राव जास्त होत असल्यास डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. लोहाच्या गोळ्या त्यांच्याच सल्ल्याने घ्याव्यात. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरण्यासाठी त्या साधारण ३ महिने चालू ठेवाव्या लागतात.