कंसातले एक वाक्य

चौघांच्या प्रोजेक्टचा भार तुम्ही एकट्याने वाहिलात, रिव्ह्यूमध्ये सेन्सरबद्दल प्रश्न आल्यावर तो भाग ज्याच्याकडे होता तो जोडीदार मख्खपणे उभा राहिला, आणि तेव्हापासून तो कामाकडे फिरकतही नाही. म्हणून त्याला टीममधून काढण्यासाठी मार्गदर्शकांकडे अर्ज करावा का, असे तुम्ही विचारले आहे. तीन पाने त्याच्या आळसावर खर्ची पडली आहेत. मी मात्र दुसऱ्या पानावर, कंसात टाकलेल्या एका वाक्याशीच अडले: ‘त्याचा कोड आदल्या रात्री मीच नव्याने लिहिला.’

हे त्याला सांगितले होते का? पत्रात तसा उल्लेख नाही, आणि बाकी प्रत्येक गोष्ट वेळेसकट नोंदवणाऱ्याला नेमके हेच लिहायचे राहून गेले असेल, हे मला पटत नाही. म्हणजे परीक्षकांसमोर स्वतःचा म्हणून जो कोड त्याला समजावून सांगायचा होता, तो त्याने त्या क्षणी प्रथमच पाहिला. त्याने बोलायचे तरी काय?

नॉर्बर्ट कर आणि स्टीव्हन ब्रून या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली प्रयोगांतून दाखवले होते, की गटाचा निकाल केवळ सर्वांत सरस सदस्याच्या कामगिरीवर ठरणार असेल, तर कमी कुवतीचे सदस्य हात आखडता घेतात, कारण आपल्यावाचून काही अडत नाही हे त्यांना उमगलेले असते. प्रयोगात तो नियम संशोधकांनी घालून दिला होता. तुमच्या टीममध्ये तो तुम्ही एका रात्रीत, कोणालाही न विचारता लागू केलात.

त्याच्या कोडमध्ये चुका होत्या, सेन्सरचे आकडे स्थिर राहत नव्हते, हे मी मान्य करते. पण चूक दाखवणे निराळे आणि माणसाचे काम परस्पर पुसून टाकणे निराळे. (उरलेल्या दोघांनीही हे पाहिले असणार, तेही हल्ली ‘तूच बघ ना’ म्हणतात, असे तुम्हीच लिहिले आहे.)

अर्ज फाडून टाका. आजच त्याला भेटा, काय केले ते स्पष्ट सांगा आणि माफी मागा. मग त्याच्या कोडची जुनी प्रत परत आणून त्याच्या शेजारी बसा आणि चूक त्याला शोधू द्या. कितीही वेळ लागला तरी कीबोर्डला हात लावू नका. पुढच्या रिव्ह्यूमध्ये सेन्सरबद्दल प्रश्न आला, की गप्प तुम्ही राहायचे आहे.